सकाळचे चार थेंब आणि होज क्लॅम्प

थंडीच्या दिवसात रोज सकाळी गाडीखाली तीन-चार थेंब दिसायला लागले. हिरवट, बोटाला किंचित चिकट लागणारे, म्हणजे कूलंटच, इंजिन थंड ठेवणारं पाणी, त्यात काही शंका नव्हती. पण इंजिन चालू करून ते तापलं की गळती बंद. बॉनेट उघडून कितीही वेळ टॉर्च मारत उभं राहा, एक थेंब खाली येणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच चार थेंब. मला हे कळेचना, कारण गरम झाल्यावर आतलं प्रेशर वाढतं, मग गळायचं तर तेव्हा गळायला हवं ना, थंड असताना का गळतंय?

दोन महिन्यांपूर्वी वरचा रेडिएटर होज, म्हणजे इंजिनातून रेडिएटरला कूलंट नेणारी रबरी नळी, मीच बदलला होता. जुना टोकाला फुगून मऊ पडला होता म्हणून नवा आणला, आणि त्याबरोबर क्लॅम्पही, म्हणजे होजचं टोक आवळून धरणाऱ्या पट्ट्या, नवे घातले, स्क्रूवाले, चकचकीत स्टीलचे. मूळचे स्प्रिंगवाले क्लॅम्प काढायला इतका त्रास झाला होता की परत तेच कशाला घालायचे असं वाटलं, आणि स्क्रूवाला क्लॅम्प आपल्या हाताने हवा तितका आवळता येतो म्हणजे तो जास्त पक्का, हा माझा साधा हिशोब. थेंब दिसल्यावर मी अजून अर्धा फेरा आवळला. आठवडाभर बरं, मग पुन्हा थेंब. पुन्हा आवळला. शेवटी पट्टीच्या खाचांमधून रबर वर यायला लागलं तेव्हा थांबलो आणि ओळखीच्या एका मेकॅनिकला फोन केला. त्याने होज कुठला, कूलंट कुठलं, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न एकच, "आधीचे क्लॅम्प कुठे गेले?"

नशिबाने मी जुने पार्ट लगेच फेकत नाही. डब्यात होते. आणि तिथून पुढे मला जे कळलं ते नीट लिहून ठेवावं म्हणून ही पोस्ट, कारण क्लॅम्प ही इतकी छोटी गोष्ट आहे की त्यावर कुणी विचारच करत नाही, आणि कूलिंगच्या कामानंतर जी गळती होते ती बऱ्याचदा तिथेच होते.

तर थंड असताना गळण्याचं कारण. होज रबराचा, आजकाल बहुतेक ईपीडीएम नावाचं रबर असतं. ते ज्या तोंडावर, म्हणजे रेडिएटरच्या किंवा इंजिनच्या बाहेर आलेल्या पाइपवर, बसतं ते ॲल्युमिनियमचं किंवा प्लॅस्टिकचं, आणि वरून पट्टी स्टीलची. तापल्यावर तिन्ही फुगतात, पण सारखे फुगत नाहीत, रबर स्टीलच्या कितीतरी पट जास्त फुगतं आणि थंड झालं की तितकंच आकसतं. शिवाय सतत दाबाखाली असलेलं रबर हळूहळू दबून तसंच राहतं, पूर्ण परत येत नाही. स्क्रूवाल्या क्लॅम्पचा घेर आपण ज्या क्षणी हात थांबवला त्या क्षणी ठरला. रबर दबलं, आकसलं, तरी तो आत येत नाही. मग थंडीच्या रात्री इंजिन पार गार पडलं की रबर आणि पट्टी यातला दाब कमी होतो आणि कूलंट हळूच वाट काढतं. इंजिन तापलं की रबर फुगून पुन्हा पट्टीला भिडतं आणि वाट बंद. म्हणून माझे चार थेंब फक्त सकाळचे.

स्प्रिंगवाला क्लॅम्प म्हणजे मुळात एक ताणलेली स्प्रिंगच आहे. रबर आकसलं की ती मागोमाग आत येते, फुगलं की बाहेर जाते, दाब जवळपास तोच ठेवते. गाड्या बनवणारे तो स्वस्त पडतो म्हणून घालतात असं मी स्वतः बऱ्याच जणांना सांगितलंय, आणि ते चूक होतं. त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही तरी तो काम करत राहावा म्हणून तो तिथे असतो. मी जितका जास्त आवळत गेलो तितकं रबर जास्त दबत गेलं आणि तितकी गळती लवकर परत आली, हे त्या फोननंतर डोक्यात बसलं.

म्हणजे स्क्रूवाला क्लॅम्प वाईट असं नाही हं. ती जुनी आणि चांगली गोष्ट आहे, १९२१ साली ब्रिटिश नौदलातल्या लुमली रॉबिन्सन या कमांडरने त्याचं पेटंट घेतलं, आणि तिकडे अजूनही त्याला जुबिली क्लिप म्हणतात. जिथे तोंड थोडं झिजलंय, जिथे मूळ मापाचा स्प्रिंग क्लॅम्प मिळत नाही, रस्त्यात तात्पुरतं काम भागवायचंय, तिथे तोच कामाला येतो. फक्त तो लावून विसरून जायचा प्रकार नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

आता काढण्याबद्दल, कारण खरा घाम तिथेच निघतो.

इंजिन पूर्ण गार पाहिजे. कोमट चालेल का, तर नाही. रेडिएटरचं झाकण साधारण १५ पीएसआय (दाबाचं माप) धरणारं असलं तर त्या दाबाला साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे आत शंभराच्या वर गेलेलं पण न उकळलेलं पाणी असू शकतं. झाकण उघडलं किंवा क्लॅम्प सोडला की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून बाहेर उसळतं. हात भाजतो तो असाच. मी रात्रभर गाडी उभी ठेवतो आणि सकाळी काम काढतो. मग आधी झाकण सावकाश उघडून ठेवायचं, खाली पसरट भांडं लावायचं, आणि रेडिएटरच्या खालच्या नळीने कूलंट निदान त्या होजच्या पातळीखाली येईल इतकं काढायचं. हे कूलंट जमिनीवर सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची किडनी निकामी होऊन मरतात. भांडं लगेच झाकायचं, सांडलेलं भरपूर पाण्याने धुवायचं, मुलं जवळ असतील तर अजून काळजी.

काही सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी. क्लॅम्पचे कान, म्हणजे पकडीने दाबायची दोन टोकं, कुठल्या दिशेला आहेत, काठापासून किती अंतरावर आहे, होजवरची पांढरी खूण तोंडावरच्या कुठल्या रेघेसमोर येते. ही दिशा उगाच ठेवलेली नसते, कान फॅनला, बेल्टला किंवा शेजारच्या वायरिंगला लागू नयेत आणि पुढच्या वेळी पक्कड घालता यावी म्हणून तसे ठेवलेले असतात. फोटो काढायला अर्धा मिनिट लागतो आणि बसवताना डोक्याचा ताप वाचतो.

स्प्रिंग क्लॅम्प साध्या पकडीने काढता येतो, पण सोपा जात नाही. कारण असं की दोन कान जवळ येत जातात तसा त्यांचा कोन बदलतो, आणि पकडीचे जबडे सरळच राहतात, मग कान निसटतो. निसटला की क्लॅम्प जोरात उडतो. म्हणून चष्मा घालाच, आणि चेहरा क्लॅम्पच्या अगदी समोर आणू नका. वॉटर पंप पक्कड, म्हणजे जिचा जबडा मागेपुढे सरकवता येतो ती, साध्या पकडीपेक्षा बरी. त्याहून चांगली म्हणजे खास होज क्लॅम्पची पक्कड, तिचे जबडे फिरते असतात आणि त्यात खाच असते, कान कसाही वळला तरी सुटत नाही. आणि सगळ्यात आरामाची म्हणजे केबलवाली. एका टोकाला छोटा चिमटा, मध्ये लांब केबल, दुसऱ्या टोकाला हँडल, आणि दाबून लॉक करता येते. क्लॅम्प उघडा तसाच राहतो आणि दोन्ही हात मोकळे. खालच्या होजचा क्लॅम्प जिथे नुसता हातही जात नाही तिथे हिच्याशिवाय काम करणं म्हणजे बोटं सोलून घेणं. एकदाच कूलंट बदलणार असाल तर कुणाकडून मागून आणा, दरवर्षी हात घालणार असाल तर घ्याच.

क्लॅम्प उघडला की तो होजवरून पूर्ण बाहेर काढायची गरज नाही. होजवरच चार-पाच सेंटीमीटर मागे सरकवायचा आणि तिथे सोडायचा. काही गाड्यांमध्ये तो होजला कारखान्यातच चिकटवलेला असतो, तिथे जबरदस्ती करू नका, उघडून लॉक करून होजसकट काढा.

स्क्रूवाला क्लॅम्प काढताना स्क्रूड्रायव्हरपेक्षा गोटी, म्हणजे सॉकेट पाना, वापरा. बहुतेक क्लॅम्पच्या स्क्रूला षटकोनी डोकं असतं, ७ किंवा ८ मिलिमीटरची गोटी बसते. स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटतो आणि रेडिएटरच्या जाळीत घुसतो, आणि ती जाळी किती पातळ असते ते वेगळं सांगायला नको. गंजलेला असेल तर गंज सुटायचं तेल थेंबभर स्क्रूवर, रबरावर नाही, आणि दहा मिनिटं थांबा.

क्लॅम्प बाजूला झाला तरी होज निघत नाही. वर्षानुवर्षं बसून तो तोंडाला चिकटलेला असतो. इथे सगळ्यात मोठी चूक होते, लोक स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतात. रेडिएटरच्या टाक्या आता बहुतेक काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात, उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होतात, आणि तोंडाचा तुकडा पडला की होजचं काम रेडिएटरचं काम होऊन बसतं. ॲल्युमिनियमचं तोंड सहसा तुटत नाही पण त्यावर आडवा-उभा ओरखडा पडतो, आणि उभा ओरखडा म्हणजे कूलंटला सरळ रस्ता. म्हणून ओढायचं नाही, आधी पिळायचं. होज हाताने धरून डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, चिकट सुटल्याचा एक बारीक आवाज येतो, मग पिळत पिळतच बाहेर. तरी नाहीच सुटला आणि होज टाकूनच द्यायचा असेल तर टोकाला लांबीच्या दिशेने चीर द्या आणि सोलून काढा, पण पातं पूर्ण आरपार नेऊ नका, शेवटचा पापुद्रा हाताने फाडा.

हीटरचे दोन होज मात्र वेगळे. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून जे दोन पातळ पाइप बाहेर येतात ते थेट हीटर कोअरला, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरला, जोडलेले असतात. ते पिळले तर कोअरचा जोड आतून सुटू शकतो, आणि कोअर बदलायचा म्हणजे बऱ्याच गाड्यांमध्ये अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. तिथे मी होज वाचवायच्या फंदात पडत नाही, सरळ कापतो. आणि काही नव्या गाड्यांना क्लॅम्पच नसतो, तारेची क्लिप आणि आत ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असते, ती क्लिप थोडी वर उचलली की सांधा सुटतो, तिथे हे पिळणं वगैरे काही करू नका.

होज हातात आला की त्याच्या टोकांकडे बघा. मधला भाग टणटणीत वाटला तरी टोकाला, क्लॅम्पच्या जवळ, दोन बोटांनी दाबून पहा. होज आतून खराब होतो, कूलंट आणि धातू यांच्यामध्ये बारीक विद्युत-रासायनिक क्रिया चालते आणि रबरात आतल्या बाजूने लांबच लांब भेगा पडतात, बाहेरून काही दिसत नाही. टोक मधल्या भागापेक्षा मऊ, पोकळ लागलं किंवा आत बोट फिरवून भेगा लागल्या तर तो होज परत घालू नका. माझा जुना असाच होता. त्यावर मी नवा क्लॅम्प आवळून महिना काढला असता तर कुठेतरी रस्त्यात फाटला असता.

बसवताना निम्मं काम साफसफाईचं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. तोंडावर पांढरट खर, जुन्या रबराचे पापुद्रे, कुणी आधी लावलेलं सीलंट, हे सगळं जायला हवं. ॲल्युमिनियमला भांडी घासायच्या हिरव्या स्पंजसारखा घासणीचा तुकडा घोळून घोळून गोल फिरवायचा, उभा नाही. नखाने चाचपून पहा, गुळगुळीत लागलं पाहिजे. सीलंट परत लावू नका. चांगल्या तोंडावर चांगला होज असेल तर लागत नाही, आणि नसेल तर सीलंटने ते झाकलं जातं, दुरुस्त होत नाही. शिवाय त्याचा सुटा तुकडा रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसू शकतो.

होज सरकत नसेल तर तोंडाला थोडं कूलंट किंवा साधं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही, ईपीडीएम रबर पेट्रोलियम तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. क्लॅम्प आधी होजवर चढवून मागे ठेवायचा, हे विसरून होज बसवला की सगळं परत काढावं लागतं. मग होज पूर्ण आत, अडथळ्याला टेकेपर्यंत. पांढरी खूण जुळवा, होज पिळलेला राहिला तर तो कायम स्वतःला सरळ करायला बघतो आणि तो ताण सांध्यावर येतो.

आणि आता क्लॅम्पची जागा, माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तोंडाच्या टोकाजवळ एक उंचवटा असतो, गोल कडा. क्लॅम्प त्या उंचवट्याच्या मागे पाहिजे, म्हणजे उंचवटा आणि होजचा काठ यांच्या मधल्या सपाट भागावर. उंचवट्यावर बसला तर एकाच रेघेवर दाबतो आणि घसरतो, उंचवट्याच्या पुढे गेला तर नुसता होजला गळा आवळल्यासारखा, खाली धातू नाहीच. काठाला अगदी चिकटूनही नको, तीन-चार मिलिमीटर रबर बाहेर दिसू दे. जुनाच होज परत घालत असाल तर जुन्या क्लॅम्पचा ठसा त्यावर असतो, बरोबर त्याच ठशात बसवा, अर्धा ठशात अर्धा बाहेर असा नको, तिथून हमखास झिरपतं.

स्प्रिंग क्लॅम्प परत वापरायचा का? नवा होज त्याच मापाचा असेल, क्लॅम्पवर गंज नसेल, वाकडा नसेल आणि पकडीने उघडताना अजून चांगला जोर लागत असेल तर खुशाल वापरा. बोटांनी उघडला तर तो गेला. नवा घेताना नुसत्या व्यासावर जाऊ नका, पट्टीची रुंदीही तीच घ्या, मापाचा आकडा पट्टीवर कोरलेला असतो.

स्क्रूवालाच लावायचा असेल तर पट्टी आरपार खाचा पाडलेली घेऊ नका, माझा तसाच होता आणि त्या खाचांनी होज कापायला सुरुवात केली होती. पट्टीवर नुसते दाबून उमटवलेले आटे असलेली आणि कडा वर वळवलेली मिळते, ती रबराला जपते. पट्टीवर डब्ल्यू १, डब्ल्यू २ असं लिहिलेलं असतं, १ म्हणजे सगळं जस्त चढवलेलं साधं स्टील, २ म्हणजे पट्टी स्टेनलेस पण स्क्रू साधा, ४ म्हणजे सगळंच स्टेनलेस. ओल्या जागी ४ घ्या, कारण २ मध्ये पट्टी नवी दिसते आणि स्क्रू गंजून अडकतो. माप असं निवडा की आवळल्यावर तो आपल्या रेंजच्या साधारण मधोमध असेल. खूप मोठा क्लॅम्प लहान होजवर आवळला की स्क्रूच्या घराखाली तो नीट गोल होत नाही आणि तिथे दाब कमी पडतो. हाताच्या छोट्या गोटीनेच आवळा, ड्रिल-मशीन लावू नका. पट्टी रबरात किंचित रुतली, कडेने रबराचा बारीकसा फुगवटा आला, की बस. मग इंजिन एकदा पूर्ण तापू द्या, पूर्ण गार होऊ द्या, आणि पुन्हा एकदा हलक्या हाताने तपासा. पहिल्या तापण्या-निवण्यात रबर सगळ्यात जास्त दबतं.

त्यानंतर कूलंट भरणं आणि हवा काढणं, तो वेगळा विषय आहे, थोडक्यात हीटर फुल गरमवर ठेवा, सावकाश भरा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघा, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, उघडून पातळी खाली गेली की इंजिन गार झाल्यावर पुन्हा भरा. प्रेशर टेस्टर मिळाला तर फारच छान, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत पंप मारून दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का बघायचं, आणि हे मुद्दाम इंजिन गार असताना करायचं. गरम इंजिनवर माझी गळती कधीच सापडली नसती.

मी डब्यातले दोन्ही जुने क्लॅम्प धुतले, पकडीने उघडून जोर बघितला, अजून चांगला होता. होजची टोकं स्क्रूवाल्या पट्टीने जिथे चिरली होती त्यातलं रेडिएटरकडचं टोक वाचण्यासारखं नव्हतं, म्हणून दोन महिन्यांचा नवा होज बदलून परत एक नवा घालावा लागला. गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, रोज सकाळी बघायचो, तीन आठवडे झाले, कोरडा आहे.

हीटरच्या होजना अजून माझेच स्क्रूवाले क्लॅम्प आहेत, तेही त्याच दिवशी बदलले होते. तिथे थेंब नाही पण सांध्यावर पांढरी-हिरवी खर जमायला लागलीय, म्हणजे तिथूनही येतंय, फक्त खाली पडायच्या आधी वाळतंय. मापाचे स्प्रिंग क्लॅम्प आणून ठेवलेत, केबलवाली पक्कड आहेच. येत्या रविवारी सकाळी, इंजिन गार असताना.